बाप दाखवला तरी श्राद्ध

माझे वडील जिवंत आहेत. हे वाक्य कधी लोकांना सांगत फिरावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. पण बी.ए. झाले त्या उन्हाळ्यात मी दुसरं काही केलंच नाही.

आम्ही धरणगावचे. वडील वायरमन. गावात लाइट गेली की लोक तक्रारीच्या नंबरवर फोन करत नाहीत, 'नानाले लाव' म्हणतात. नाना म्हणजे माझे वडील, मी त्यांना पप्पा म्हणते. जेवता जेवता ताट सरकवून जातील, पण येतील हसतच. कोणाचा फ्यूज उडाला, कोणाच्या मीटरमध्ये पाल निघाली, आल्यावर सगळं नक्कल करून दाखवणार आणि आई म्हणणार, "हात धुवा आधी, मग नाटक करा." दारूचं म्हणाल तर त्यांनी जन्मात कधी थेंब घेतलेला नाही. एक तर काम असलं, की खांबावर चढणारा पिऊन चढला तर खाली त्याचा कोळसाच येतो. आणि दुसरं, विहारात पंचशील म्हणताना पाचव्या, नशा न करण्याच्या शीलाला त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर लागतो. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. केवढ्याने ओरडतात, असं वाटायचं.

कॉलेज जळगावला. मराठी घेऊन बी.ए. करतेय म्हटल्यावर नातेवाईक असं बघायचे, जशी मी घरातून पळूनच गेलेय. "मराठी तर येतंच की, त्यात काय शिकायचं?" रोज सकाळी पॅसेंजर, संध्याकाळी एसटी. खिडकी मिळाली तर मोबाइलवर लिहायचं, नाही मिळाली तर उभ्याने मनात लिहायचं. शेवटच्या वर्षाला आमच्या विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, धुळ्याला कथालेखनाची कार्यशाळा आहे, जा. निवडक कथांचं पुस्तक निघणार आणि ते आपल्याच पदवीदान कार्यक्रमात प्रकाशित होणार. मी हवेतच गेले. पप्पांनी मला बसमध्ये बसवून दिलं आणि कंडक्टरला सांगितलं, "लेखिका आहे हां, नीट न्या." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला, पण आतून बरंही वाटलं.

कार्यशाळेत एकच मार्गदर्शक होते. धुळ्याचेच, देवपुरात राहणारे. गावाकडच्या कथांसाठी त्यांचं नाव. सगळे त्यांना सर म्हणत आणि ते सगळ्यांना बेटा. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला आडनाव आणि गाव विचारलं. माझं आडनाव ऐकलं, गाव ऐकलं, आणि मान अशी काही हलवली, जणू माझी कथा त्यांनी वाचूनच टाकली. "तुझ्याकडे खूप आहे बेटा," म्हणाले. "आग आहे. ती बाहेर काढ."

आता आग कुठून आणू? माझ्याकडे भरीत होतं.

माझी कथा भरिताची होती. हिवाळ्यात आमच्याकडे शेतात भरीत पार्ट्या होतात, सगळ्या खानदेशाला ठाऊक आहे. पप्पांच्या दोस्तांची पार्टी होती. बामणोदची हिरवी वांगी आणलेली, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ लावलेला, वांगी आत टाकलेली, आणि फोन येतो, की शेजारच्या वस्तीत हळद लागलीय आणि लाइट गेली. पप्पा म्हणतात, आलोच. ते खांबावर, आणि इकडे त्यांचे दोस्त वांगी कोणी उलटायची यावरून भांडत बसतात. वांगी जळून कोळसा होतात. पप्पा परत येतात तेव्हा हळदीच्या घरून त्यांच्यासोबत बुंदी आलेली असते. सगळे जळक्या भरितासोबत बुंदी खातात आणि एकमेकांच्या आईबहिणीचा उद्धार करतात. घरी आल्यावर आई म्हणते, हात धुवा आधी. एवढीच कथा. लिहिताना मी एकटीच खिदळत होते. पप्पांना वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "बुंदी नव्हती बेटा, शेव होती." मग स्वतःच म्हणाले, "राहू दे. बुंदीच बरी शे."

कार्यशाळेत एक नियम होता. ज्याची कथा वाचली जाते त्याने बोलायचं नाही. बाकीचे चर्चा करणार, त्याने तोंड शिवून ऐकायचं. नियम चांगला आहे, असतील त्याचे फायदे. पण ज्याच्या घरावरून पाच-पंचवीस शहाणे बोलत असतील त्याला विचारा.

एक बँकेत नोकरी करणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "वडील फार हसतात. पटत नाही."

धुळ्याची एक मुलगी म्हणाली, "संघर्ष कुठाय?"

"आई फक्त हात धुवा म्हणते. तिचं सोसणं आलं पाहिजे ना."

"या समाजाचं एवढं सुखाचं चित्रण म्हणजे वास्तवाशी प्रतारणा होते," पुन्हा बँकवाले. "एखादा प्रसंग टाकता येईल. वडील पिऊन येतात वगैरे."

मी तोंड उघडलं. सरांनी बोट ओठावर ठेवलं. "नियम, बेटा."

पिऊन येतात वगैरे! अरे, वगैरे काय? माझ्या बापाला तुम्ही बघितलंय का? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण करते काय. शेवटी सर बोलले. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "बेटा, ही पाककृती झाली. कथा जखमेतून येते. तू जखम लपवतेयस." मी नियम मोडला. म्हटलं, "सर, जखमच नाहीये." सगळे हसले. सर हसले नाहीत. माझ्याकडे असं बघत राहिले, जसं डॉक्टर दुखतं कुठे ते न सांगणाऱ्या पोराकडे बघतो.

निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. कथा पुस्तकात घेतोय, म्हणाले. "मी जरा हात फिरवतो."

लिहिणाऱ्या लोकांत हात फिरवणं म्हणजे काय, तर ऱ्हस्व-दीर्घ बघणं, लांबलेलं वाक्य तोडणं. आमच्या मॅडम निबंधावर फिरवायच्या तसा. मी आनंदाने हो म्हटलं. एवढ्या मोठ्या माणसाचा हात फिरणार म्हणून आईला फोन करून सांगितलं.

पदवीदानाला पप्पांनी क्रुझर सांगितली. मामा, मामी, काका, शेजारच्या काकू, झाडून सगळे. पप्पांनी लग्नातला सफारी घातला होता आणि त्यात ते उकडून निघाले होते. आम्हाला काळे गाऊन, डोक्यावर फेटे. स्टेजवर पाहुण्यांच्या हस्ते फाइल देतात ती रिकामी असते, खरं प्रमाणपत्र नंतर ऑफिसच्या खिडकीत रांग लावून घ्यायचं. पण पप्पांनी त्या रिकाम्या फाइलचेही फोटो काढले.

मग प्रकाशन. रंगीत कागद फाडून पुस्तक वर धरलं, टाळ्या झाल्या. सरांनी माइक घेतला, मला स्टेजवर बोलावलं आणि सांगितलं की पहिल्या क्रमांकाची कथा माझी आहे. पप्पा तिसऱ्या रांगेत होते, ते उठून उभे राहिले. मामांनी त्यांना ओढून बसवलं. "या मुलीने आपल्या आयुष्यातलं जळजळीत सत्य मांडलंय," सर म्हणाले, "त्यातला शेवट मी आपल्याला वाचून दाखवतो."

आणि वाचायला लागले.

मला पहिली काही वाक्यं कळलंच नाही की ही माझी कथा आहे. वायरमन होता, भरीत होतं. पण वायरमन पीत होता. रोज पीत होता. बायकोला पऱ्हाटीने मारत होता. भरिताच्या पार्टीत ढोसून तो खांबावर चढतो आणि तारेला चिकटतो. त्याची मुलगी खालून बघते. मग त्याची गंधमुक्ती, म्हणजे दिवसकार्य. पिंड ठेवतात, आणि कावळा शिवतच नाही. कोणी म्हणतं जिलबी ठेवा, कोणी म्हणतं बाटली ठेवा. शेवटी मुलगी भरीत ठेवते. कावळा शिवतो. संपली कथा.

हॉलमध्ये बायका डोळे पुसत होत्या. आमच्या मॅडमही. टाळ्या थांबेनात. मी गाऊन घालून स्टेजवर उभी, हातात रिकामी फाइल, आणि समोर तिसऱ्या रांगेत माझा मेलेला बाप घामाघूम बसलेला. सगळे टाळ्या वाजवतात म्हणून त्यांनीही वाजवल्या, जरा उशिराने.

बाप दाखव नाही तर श्राद्ध कर, असं म्हणतात. इथे बाप दाखवला होता. सगळा दाखवला होता, हसण्या-बोलण्यासकट. तरी त्यांनी श्राद्ध केलंच. आणि तेही कोणाचं, तर बौद्धाचं! आमच्यात ना पिंड, ना कावळा, ना गंधमुक्ती. आमच्यात माणूस गेला तर वंदना होते, पुण्यानुमोदन होतं. माझं आडनाव विचारून 'तुझ्याकडे आग आहे' म्हणणाऱ्या माणसाला एवढं ठाऊक नव्हतं. दुःख आमचं पाहिजे, पण विधी त्यांच्या घरचे.

क्रुझरमध्ये बसून निघालो. एरंडोलच्या रस्त्याला लागल्यावर पप्पाच म्हणाले, "मला बरं मारून टाकलं भो. निदान लाइटचं बिल तरी माफ होईल." मामा हसले. आई खिडकीतून बाहेर बघत होती. तिने घरी आल्यावर एवढंच विचारलं, "तू लिहिलंस का ते?" मी नाही म्हटलं. "मग तुझं नाव कसं खाली?" मी मोबाइलमधली मूळ कथा तिच्यापुढे धरली. तिने वाचली नाही. म्हणाली, "मला माहितेय गं. लोकांना कुठे माहितेय."

दुसऱ्या दिवशी पेपरला बातमी. माझा फेट्यातला फोटो आणि वर मथळा, की व्यसनाधीन पित्याच्या मृत्यूनंतरही जिद्दीने पदवी. बातमीदाराने भाषण ऐकलं, कथा ऐकली आणि बातमी ठोकून दिली. दुपारपर्यंत कोणा उत्साही माणसाने आमच्या समाजाच्या ग्रुपवर पप्पांचा फोटो टाकला, चुलतभावाच्या लग्नातला, गळ्यातला हारही लग्नातलाच. खाली भावपूर्ण श्रद्धांजली. मग काय, एकाचं बघून दुसऱ्याने. पारोळ्यातून, एरंडोलातून जोडलेले हात यायला लागले. फोन तर पप्पांच्याच नंबरवर. "नाना गेले का हो?" ते म्हणायचे, "नाही, बोलतोय." समोरचा घाबरून फोन ठेवायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या आली. वडिलांची थोरली बहीण, सुरतला असते. तिच्याकडे साधा फोन, ग्रुप वगैरे काही नाही. शेजारणीने सांगितलं तशी ती रात्रीच्या गाडीने निघाली होती. आमच्याकडे दारावर रडायला येणारी बाई घरात येऊन रडत नाही, गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढते. आत्याने तिथूनच सुरू केलं. "मना भाऊ रे... माले न सांगता कसा गया रे..." सगळी गल्ली बाहेर. आणि पप्पा ओट्यावर लुंगी-बनियनवर, तोंडात ब्रश.

"अक्का," ते फेसासकट म्हणाले, "मी आठेच शे."

आत्याने वर बघितलं, भाऊ खरंच तिथेच होता. आधी ती भिंतीला टेकली. मग पायातली चप्पल काढली आणि त्यांना बदड बदड बदडलं. मग गळ्यात पडून खरी रडली. अख्खी गल्ली हसत होती, पप्पाही हसत होते, मीही हसले. वाटलं, संपलं एकदाचं.

चहा झाला. आत्या पाय पसरून बसली. बशी खाली ठेवली आणि आवाज बारीक करून तिने पप्पांना विचारलं, "पण भाऊ, तू पेवाले कव्हय लागना?"

म्हणजे, प्यायला कधी लागलास. सख्खी बहीण. तिच्यासमोर लहानाचा मोठा झालेला माणूस. पप्पांनी "काही काय बोलतेस अक्का" म्हटलं, आईने शपथ घेतली, मी घेतली. आत्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पप्पांच्या डोक्यावरून हात फिरवला. "सोडी दे भो," म्हणाली. "सोडी दे."

त्याच दिवशी मी धुळ्याची बस धरली. सर घरीच होते. त्यांच्या मिसेसने पाणी दिलं. मी उभ्यानेच बोलले. जे तोंडाला आलं ते बोलले. सर शांतपणे ऐकत होते, अगदी कौतुकाने. म्हणाले, "चिडलीस, चांगलं झालं. असंच चिडून लिहायचं असतं."

"सर, माझे वडील पीत नाहीत."

"कथेतले वडील वेगळे, घरातले वेगळे. एवढं तर तुला कळायला हवं बेटा."

"मग स्टेजवरून आयुष्यातलं सत्य का म्हणालात?"

यावर ते जरा खाकरले. मी गंधमुक्तीचं काढलं, कावळ्याचं काढलं. म्हटलं, आमच्यात हे काहीच नसतं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, हो की. हे राहिलंच. बारीकसारीक तपशील पुढच्या आवृत्तीत बघून घेऊ."

"मग पुढच्या आवृत्तीत बापही जिवंत करा. आणि दारू काढा."

"काढली तर मग कथेचं काय उरेल?" त्यांनी मला खरंच विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. त्यांना मनापासून वाटत होतं की त्यांनी माझं भलं केलंय. लबाड असते तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. पेपरला चार ओळी लिहून द्या म्हटलं, तर म्हणाले, तो कथेचा अपमान होईल. वर सांगितलं की हीच कथा एका मोठ्या संग्रहात जातेय, माझं नाव होणार आहे. मी पाण्याचा ग्लास तसाच ठेवून निघाले. नाव होणार म्हणे! कोणाचं, ते मला दिसत होतं.

पेपरच्या ऑफिसात मी आणि मामा गेलो. तिथला माणूस भला होता. त्याने माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर खुलासा आला. सदर विद्यार्थिनीचे वडील हयात आहेत, चुकीबद्दल दिलगीर आहोत. बस्स, एवढंच. मी परत फोन केला. म्हटलं, व्यसनाधीनचं काय? तो म्हणाला, "ताई, मृत्यूचा पुरावा आमच्याकडे नव्हता म्हणून खुलासा दिला. दारूचं तर तुमच्याच कथेत आहे ना? तुमच्या नावाने छापलंय."

पप्पांनी तो खुलासा चष्मा लावून वाचला. पेपर घडी घालून ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जित्ता शे हाई बठ्ठासले दिखस. पेत नही हाई कसं दखाडू?"

जिवंत आहे हे सगळ्यांना दिसतं. पीत नाही, हे कसं दाखवायचं? मी बी.ए. मराठी, प्रथम श्रेणी. मी तो पेपर उघडून खुलासा परत वाचत बसले.

आणि मग ते सुरूच झालं. कोणी वाईट बोलत नाही, तेच वाईट आहे. सगळे समजून घेतात. ट्रान्सफॉर्मरपाशी काम निघालं की लोक म्हणतात, "राहू द्या नाना, सकाळी या आरामात." एका संध्याकाळी ते शिडी लावत होते तर ज्या घरची लाइट गेली होती त्याच घरच्या बाईने येऊन शिडी धरली आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याला खुणावलं, उतरव त्यांना. कामाच्या ठिकाणी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून इकडचं तिकडचं विचारलं. बोलता बोलता उठून त्यांच्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि नाकाने श्वास ओढला. पप्पांनी घरी हे सांगितलं, पण नक्कल करून दाखवली नाही. विहारात एका तरुणाने त्यांना व्यसनमुक्तीचं पत्रक दिलं, हात जोडून. तेही त्यांनी घेतलं. पंचशील म्हणताना हल्ली पाचव्या शीलाला शेजारचे लोक त्यांच्याकडे बघतात, आणि त्यांचा आवाज कोणालाच ऐकू येत नाही.

मला अभिनंदनाचे फोन येतात. एका कॉलेजात ती कथा अभ्यासाला लावायचं चाललंय म्हणे. जळगावात एम.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा खिडकीतल्या क्लार्कने नाव वाचून वर बघितलं. "वाचली तुमची कथा. फार सोसलंत हो." मी म्हटलं, "काही नाही सोसलं. माझे वडील चांगले आहेत." त्यांनी डोळ्यांनीच मला धीर दिला.

मूळ कथा मी तीन-चार ठिकाणी पाठवून पाहिली. एकाने कळवलं, हलकीफुलकी आहे, पण हा विषय तुम्ही याआधी जास्त ताकदीने हाताळला आहे.

पप्पांची एक नवी सवय माझ्या उशिरा लक्षात आली. आधी वाटलं, त्यांना कमी ऐकू येतंय. किराणावाल्याशी बोलायचं असेल तर ते काउंटरवरून वाकून पार त्याच्या तोंडाशी जातात. रस्त्यात कोणी भेटला की हात धरून त्याला जवळ ओढतात आणि चेहऱ्याला चेहरा लावल्यासारखं बोलतात. लोक मागे सरकतात, तसे ते पुढे सरकतात. पूर्वी हाच माणूस या ओट्यावरून त्या ओट्यावर ओरडून बोलायचा. मग एक दिवस मामांशी ते तसे बोलताना बघितलं, आणि मला कळलं ते काय करतायत. समोरच्याला वास घेऊ देत होते.

काल मी लिहीत बसले होते. ते कामावरून आले, बूट न काढताच माझ्यापाशी आले आणि खाली वाकले. इतके, की त्यांच्या मिशीचे केस मला वेगळे दिसत होते.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं, आणि शब्द संपल्यावरही श्वास सोडत राहिले.

मी मागे सरकले नाही. म्हटलं, "हो पप्पा. जेवले."